कोल्हापूरची दुसरी, तिसरी आणि चौथी खेप

कोल्हापूरला येणाऱ्या बहुतेकांची पहिली खेप ठरलेल्या मार्गाने होते. सकाळी महालक्ष्मी एक्सप्रेसने उतरायचे, अंबाबाईचे दर्शन घ्यायचे, मिसळ खायची, दुपारी जोतिबा आणि पन्हाळा उरकायचा, सायंकाळी रंकाळ्याच्या काठावर भेळ आणि रात्री तांबडा-पांढरा रस्सा. पहिल्यांदा येणाऱ्याने हेच करावे. अडचण दुसऱ्या खेपेला येते. 'बघून झाले' असे वाटून माणूस एकतर येतच नाही, किंवा पुन्हा तोच मार्ग धरतो. या शहरातल्या आणि त्याच्या परिसरातल्या सर्वांत मोलाच्या गोष्टी बारमाही नसतात, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

त्यांतल्या काही सूर्यावर चालतात, काही तिथीवर, काही नदीच्या पाण्यावर आणि काही शेतातल्या पिकावर. त्यामुळे पुढच्या खेपा आखताना 'कुठे जायचे' याआधी 'केव्हा जायचे' हे ठरवावे लागते. एका खेपेला यांपैकी एकच गोष्ट मुख्य धरावी आणि बाकीचे कार्यक्रम तिच्याभोवती बसवावेत. चार गोष्टी एकाच खेपेत गोळा करण्याच्या नादात चारही हातच्या जातात.

सूर्यावर चालणारी गोष्ट म्हणजे अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव. वर्षातून दोनदा मावळत्या सूर्याचे किरण महाद्वाराकडून आत येतात, मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत पोहोचतात. परंपरेने याचे दिवस ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी असे मानले जातात. पहिल्या दिवशी किरण चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर, असा क्रम सांगितला जातो. या तारखा इंग्रजी महिन्यांच्या आहेत आणि दरवर्षी त्याच राहतात. देवळातल्या इतर सगळ्या उत्सवांपेक्षा हा उत्सव येथे वेगळा पडतो, कारण तो चंद्राच्या तिथीला बांधलेला नाही.

दोन तारखा का, याचे उत्तर सूर्याच्या वार्षिक चालीत आहे. सूर्य अगदी पश्चिमेला मावळतो तो वर्षातून दोनदाच, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. सप्टेंबरनंतर त्याचे मावळण्याचे ठिकाण रोज थोडे दक्षिणेकडे सरकते, २१-२२ डिसेंबरला दक्षिणेच्या टोकाला पोहोचते आणि मग परत फिरते. म्हणजे टोक सोडून क्षितिजावरच्या कोणत्याही बिंदूवर सूर्य वर्षातून दोनदा मावळतो, एकदा जाताना आणि एकदा येताना. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर हे ४१ दिवस, आणि २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी हे ४२ दिवस. दोन्ही तारखांना सूर्य पश्चिमेच्या सतरा-अठरा अंश दक्षिणेला मावळतो आणि मंदिराच्या दारांची रांग त्याच दिशेला उघडते. या दिवसांत मावळतीचा बिंदू रोज सूर्यबिंबाच्या जवळजवळ अर्ध्या रुंदीइतका सरकतो. म्हणूनच हा खेळ मोजक्या दिवसांचा असतो. आठवडाभराने आलेल्याला तो दिसत नाही.

इजिप्तमधल्या अबू सिंबलच्या देवळात सूर्यकिरण २२ ऑक्टोबर आणि २२ फेब्रुवारीच्या सुमारास आतल्या मूर्तींपर्यंत जातात. तिथेही दोन्ही तारखा डिसेंबरच्या अयनदिनापासून दोन-दोन महिन्यांच्या अंतरावर आहेत. थायलंडमधल्या फानोम रुंग या ख्मेर देवळात एप्रिलच्या आणि सप्टेंबरच्या सुरुवातीच्या काही दिवसांत उगवता सूर्य ओळीतल्या पंधरा दारांमधून आरपार दिसतो. जुन्या स्थपतींना सूर्याचे हे जाणे-येणे नेमके ठाऊक होते. कोल्हापूरचे देऊळ त्याच जाणकारीचा नमुना आहे आणि त्याची दखल याहून कितीतरी अधिक घेतली जायला हवी.

प्रवाशाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की किरण आत येतात ते सूर्यास्ताच्या अगदी आधीच्या काही मिनिटांत. नोव्हेंबरमध्ये ही वेळ पावणेसहाच्या सुमाराची, तर जानेवारी-अखेरीस सव्वासहाच्या आसपासची. त्या वेळी सूर्य क्षितिजाला इतका टेकलेला असतो की पश्चिमेला ढगाची एक पट्टी, धुके, धूळ किंवा वाटेत उठलेली एखादी इमारत पुरे होते. किरण गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत येऊन मावळल्याची सायंकाळ दुर्मीळ नाही. म्हणून किरणोत्सवासाठी येणाऱ्याने एका सायंकाळवर भिस्त ठेवू नये. तीन दिवसांचा मुक्काम ठेवावा. नोव्हेंबरमध्ये ढगांनी घात केला तर फेब्रुवारी हाताशी असतो. गर्दीमुळे प्रत्यक्ष गाभाऱ्यासमोर उभे राहायला मिळणे कठीण असते. आवारातल्या पडद्यावर पाहणे हे कमीपणाचे मानू नये, कारण किरण मूर्तीवर चढताना तिथे अधिक स्पष्ट दिसतात.

नोव्हेंबरच्या खेपेला आणखी एक जोड देता येते. कोल्हापूरच्या पूर्वेला साठेक किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी, खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आहे. शिलाहारांच्या काळातले, बाराव्या शतकातले हे मंदिर महाराष्ट्रातल्या शिल्पवैभवाच्या पहिल्या रांगेत बसते. त्याच्या पुढच्या स्वर्गमंडपाला छप्पर पूर्ण नाही. मधोमध मोठे वर्तुळाकार छिद्र आहे आणि बरोबर त्याखाली गोल शिळा. त्रिपुरी पौर्णिमेच्या मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र या छिद्रावर येतो आणि खालची शिळा उजळते. ते पाहायला लोक दुरून येतात.

हे त्याच पौर्णिमेला का घडावे? नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य खगोलीय विषुववृत्ताच्या सतरा-अठरा अंश दक्षिणेला असतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरासमोर, म्हणजे साधारण तितकाच उत्तरेला असतो. खिद्रापूरचे अक्षांश १६.७ आहेत. जो ग्रहगोल आपल्या अक्षांशाइतका उत्तरेला असतो तो बरोबर डोक्यावरून जातो. किरणोत्सवात मूर्तीवर येणारा तिरपा प्रकाश आणि खिद्रापूरचा सरळ उभा प्रकाश, दोन्हीमागे सूर्याची एकच स्थिती आहे. चंद्राची कक्षा सूर्याच्या मार्गाला सुमारे पाच अंशांनी कललेली असल्याने दरवर्षी तो अगदी केंद्रावर येतोच असे नाही. काही वर्षी प्रकाशाचे वर्तुळ शिळेच्या बाजूला सरकलेले दिसते.

ज्यांना रात्रीची गर्दी नको त्यांच्यासाठी दुसरा मुहूर्त आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य स्वतः या अक्षांशावर डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास तेच छिद्र उन्हाचा सरळ खांब खाली सोडते. ऑगस्टच्या सुरुवातीलाही सूर्य याच स्थितीत असतो, मात्र तेव्हा आभाळ बहुधा भरलेले असते.

त्रिपुरी पौर्णिमा आणि किरणोत्सव एका खेपेत साधतील का, हे वर्षावर अवलंबून आहे. २०२४ मध्ये ती पौर्णिमा १५ नोव्हेंबरला होती, २०२५ मध्ये ५ नोव्हेंबरला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ येत असल्याने ती २४ नोव्हेंबरला जाते. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, त्यामुळे प्रत्येक तिथी दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे येते आणि अधिक महिना पडला की एकदम पुढे ढकलली जाते. कोल्हापूरची पुढची खेप ठरवताना गेल्या वर्षीची तारीख धरून तिकीट काढणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. नवे पंचांग किंवा भिंतीवरची दिनदर्शिका समोर ठेवूनच आरक्षण करावे.

तिथीवर चालणाऱ्या गोष्टींत पहिला मान जोतिबाचा. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावरची चैत्र पौर्णिमेची यात्रा सर्वांना माहीत असते. उंच सासनकाठ्या खांद्यावर आणि कमरेच्या पट्ट्यावर तोलत, नाचवत गावोगावचे लोक येतात, सगळा डोंगर गुलालाने माखतो आणि 'चांगभलं'चा गजर थांबत नाही. सातारा जिल्ह्यातल्या पाडळीच्या सासनकाठीला पहिला मान असतो. यात्रेला जायचे तर आदल्या दिवशी डोंगर गाठावा, वाहन पायथ्याशीच सोडावे लागेल हे धरून चालावे, आणि अंगावरचे कपडे पुन्हा पहिल्यासारखे होणार नाहीत हेही. दुसऱ्या दिवशी शहरात अंबाबाईचा रथोत्सव असतो. यात्रा आणि रथ मिळून ही दोन-तीन दिवसांची स्वतंत्र खेप होते.

यात्रेपेक्षाही कोल्हापूर समजून घ्यायला उपयोगी पडतात ते खेटे. माघातल्या रविवारी शहरातली माणसे पहाटे, पुष्कळदा अनवाणी, चालत जोतिबाला जातात. पंचगंगा ओलांडायची, वडणगे, निगवे, कुशिरे करत डोंगर चढायचा, दर्शन घेऊन परतायचे. असे पाच रविवार. चालणे अठरा-वीस किलोमीटरचे. आख्यायिका अशी की असुरांचा संहार करून केदारनाथ, म्हणजे जोतिबा, हिमालयाकडे परत निघाले, तेव्हा त्यांना थांबवायला अंबाबाई स्वतः पायी डोंगरावर गेली. भक्त तीच वाट दरवर्षी पुन्हा चालतात. या वाटेवर पेठेतले म्हातारे, तालमीतली पोरे, दुकानदार आणि शाळकरी मुले एकत्र चालतात. यात्रेत गर्दी दिसते, खेट्यात माणसे भेटतात. फेब्रुवारीच्या किरणोत्सवासाठी आलेल्याने माघाचे रविवार जवळ आहेत का ते पाहावे आणि असतील तर मुक्काम एक-दोन दिवसांनी वाढवावा.

नवरात्रात बहुतेक पाहुणे अष्टमी किंवा दसऱ्याला येतात. वेळ कमी असेल तर पंचमी निवडावी. त्या दिवशी अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या भेटीला टेकडीवर जाते. कोल्हासुरावरच्या विजयानंतर त्र्यंबोलीला बोलवायचे राहून गेले, ती रुसली, म्हणून थोरली तिच्या घरी जाते अशी कथा आहे. तिथे कोहळा फोडण्याचा विधी होतो आणि त्याचा तुकडा मिळवायला झुंबड उडते. देवीच्या रुसव्या-फुगव्याची ही घरगुती बाजू गाभाऱ्यापुढच्या रांगेत कळत नाही. दसऱ्याचा थाट वेगळा. दसरा चौकात छत्रपती घराण्याच्या उपस्थितीत शमीपूजन होते, सोने लुटले जाते आणि राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक मोटार त्या दिवशी रस्त्यावर येते.

नदीवर चालणाऱ्या गोष्टींची तारीख कोणत्याच पंचांगात नसते. भोगावती, कुंभी, कासारी आणि तुळशी या चार नद्या आणि पाचवी गुप्त सरस्वती मिळून प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा होते. पहिल्या पावसाचे गढूळ नवे पाणी आले की आषाढातल्या मंगळवारी आणि शुक्रवारी पेठापेठांतून बायाबापड्या ते कळशांतून टेंबलाईला नेतात. पुढे 'पी ढबाक'चा बाजा वाजत असतो. आषाढ हा कोल्हापुरात मटणाचाही महिना. श्रावण लागण्याआधी घरोघरी आणि शेतांवर जेवणावळी उठतात, आणि त्याच दिवसांत कोणी पाहुणा म्हणून बोलावले तर नाही म्हणू नये.

त्याच पावसात नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा होतो. कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावरचे दत्ताचे हे स्थान नदीच्या पातळीलाच आहे. पाणी चढते, उत्तरेच्या दाराने आत शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते, आणि भाविक त्या प्रवाहात स्नान करतात. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती वरच्या बाजूला हलवतात. हा सोहळा कधी रात्री, कधी भर दुपारी, आणि धरणांतून किती विसर्ग सुटला आहे त्यावर ठरतो. दूरच्या माणसाने त्यासाठी महिनाभर आधी खोली धरणे व्यर्थ आहे. पुणे-सातारा-सांगलीकडच्या माणसाने मात्र बातम्यांवर लक्ष ठेवून निघावे.

पावसाळी खेपेला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पाहिल्याशिवाय घर सोडू नये. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, शहराचे सखल भाग बुडाले आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. ४३ फुटांची बातमी आली की बाहेरगावच्यांनी बेत पुढे ढकलावा. पुराच्या दिवसांत शहराला पाहुण्यांचा भार नको असतो.

शेतावर चालणाऱ्या गोष्टी सोप्या. दिवाळीनंतर गुऱ्हाळे पेटतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतात. काहिलीत उकळणारा रस, भेंडीच्या पाण्याने वर येणारी मळी, पाक तयार झाला की नाही हे नजरेने ओळखणारा गुळव्या, आणि शेवटी वाफ्यात ओतला जाणारा गूळ हे सारे पाहायला पन्हाळा आणि करवीर तालुक्यांतली गावे जवळची. कोल्हापूर गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण गुऱ्हाळांची संख्या साखर कारखान्यांपुढे घटत गेली आहे. ज्याला हे पाहायचे आहे त्याने पुढच्या खेपेवर ढकलू नये. मेअखेर ते पहिला जोरदार पाऊस या दिवसांत राधानगरीच्या जंगलात काजवे असतात. दाजीपूरचा गवा मात्र हिवाळा-उन्हाळ्यातच शोधावा. पावसाळ्यात अभयारण्य बंद असते.

उरते ती तारखेविना खेप, आणि ती कोरड्या हवेतल्या कोणत्याही दोन दिवसांत होते. तिचा विषय शाहू महाराज. १८७४ ते १९२२ एवढ्याच आयुष्यात या राजाने शहराला जे दिले ते अजून वापरात आहे, त्यामुळे ते चालत पाहता येते. दसरा चौकाच्या आसपास वेगवेगळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी उघडलेली बोर्डिंगे आहेत. १९०२ च्या २६ जुलैला मागासवर्गीयांसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवणारा हुकूम याच संस्थानात निघाला, आणि शिकलेली मुले तयार झाल्याशिवाय तो हुकूम कागदावरच राहील हे ओळखून यांतली बहुतेक वसतिगृहे उभी राहिली. शाहूपुरीची बाजारपेठ आणि शाहू मिल त्याच आखणीतले. खासबागचे गोल कुस्ती मैदान असे उतरते आहे की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही मधला आखाडा दिसतो. त्याला लागून असलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. मराठी रंगभूमीवर प्रेम करणाऱ्याने त्याच्या पुनर्बांधणीची चौकशी प्रत्येक खेपेला करावी.

याच खेपेत टाउन हॉलमधले वस्तुसंग्रहालय घ्यावे. सोमवार टाळावा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर सापडलेली पोसायडन या सागरदेवाची छोटी कांस्यमूर्ती इथे आहे. समुद्रापासून इतक्या आत, सातवाहनांच्या काळातल्या एका नदीकाठच्या वस्तीत रोमन जगातली मूर्ती सापडते, म्हणजे घाटवाटांनी कोकणच्या बंदरांशी चालणारा व्यापार किती जुना असेल! गर्दीच्या खेपेत ही मूर्ती हमखास राहून जाते.

तालमींसाठी वेळ सकाळची. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींत जोर-बैठका आणि तांबड्या मातीतला सराव पहाटेच सुरू होतो. परवानगी विचारून, चपला बाहेर काढून, गप्प बसून पाहावे. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेले धारोष्ण दूध पिण्याची रीत त्या तालमींशीच जोडलेली आहे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात आलेल्याने शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना आहे का ते विचारावे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा असे संघ पेठांच्या आणि तालमींच्या नावाने खेळतात, आणि त्या दिवशी सगळी पेठ मैदानावर असते.

पन्हाळा पहिल्या खेपेत तासाभरात उरकलेला असतो. त्याला पुढच्या एखाद्या खेपेत पूर्ण दिवस आणि शक्य तर रात्रीचा मुक्काम द्यावा. अंबरखान्याची कोठारे, तीन दरवाजा, अंधारबाव आणि सज्जाकोठी पायी फिरून पाहण्याच्या जागा आहेत. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला त्यांत पन्हाळा आहे. १६६० च्या जुलैमध्ये शिवाजी महाराज ज्या वाटेने विशाळगडाकडे निसटले ती वाट चालण्याची मोहीमही पावसातच निघते. चिखल, जळवा आणि धुके सोसण्याची तयारी असणाऱ्यानेच तिच्यात जावे.

प्रवासाचे गणित खेपेनुसार बदलते. कोल्हापूर हे रेल्वेचे शेवटचे स्थानक आहे आणि गाडी मिरजेवरूनच येते. खिद्रापूर आणि नृसिंहवाडी हे मुख्य बेत असतील तर शहरापर्यंत येऊन परत पूर्वेला जाण्यापेक्षा मिरज किंवा जयसिंगपूरला उतरणे सोयीचे. मुंबईकरांना रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस सर्वांत बरी. पुण्याहून २०२४ पासून वंदे भारत आहे, पण ती रोज नसते. जोतिबा, पन्हाळा आणि गुऱ्हाळांची गावे शहराच्या वायव्येला एका अंगाला आहेत, राधानगरी-दाजीपूर नैर्ऋत्येला, आणि नृसिंहवाडी-खिद्रापूर पूर्वेला. एका दिवसात दोन दिशा धरू नयेत. रस्त्यावरच दिवस जातो.

खरेदीही ऋतूला धरूनच करावी. कोल्हापुरी चपलेचे चामडे पाणी सोसत नाही, म्हणून ती पावसाळ्यात विकत घेऊ नये. गूळ नव्या हंगामात घ्यावा. साज किंवा ठुशी घडवून घ्यायची तर गुजरी या सराफ बाजारात नमुना आणि वजन एका खेपेत ठरवून दागिना पुढच्या खेपेत उचलता येतो. दसरा-दिवाळीच्या तोंडावर कारागिरांच्या हातात कामाचा ढीग असतो, म्हणून नवी मागणी उन्हाळ्यात द्यावी.